फाटलं ते माझं

पनवेलच्या एसटी स्टँडमागे रिक्षांची हूडं शिवणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथे कुणालाही विचारलं असतं, तर काळूरामसारखं हूड कुणी शिवत नाही, असंच उत्तर मिळालं असतं. सांगणाऱ्यांचा काय दोष? पंचवीस वर्षं सगळे तेच ऐकत आले होते. खरी गोष्ट अशी, की काळूरामला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. सुईत दोरा ओवताना त्याची जीभ बाहेर यायची. हूडं शिवायची ती त्याची बायको, दमयंती. दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात, निळ्या ताडपत्रीच्या पडद्याआड तिचं पायमशीन होतं.

काळूराम लबाड होता, असं मात्र कुणी समजू नये. पाइप वाकवण्यात त्याचा हात धरणारा गल्लीत दुसरा नव्हता. हुडाच्या कमानी तो गुडघ्यावर दाबून अशा वळवायचा की जोड जुळ्या बहिणींसारखी दिसावी. पण लग्नानंतर पहिल्याच वर्षी रिक्षावाल्यांचा एक पुढारी दुकानात आला आणि मशीनवर बसलेली बाई पाहून म्हणाला, "बाईच्या हातचं हूड? कर्नाळ्यापर्यंत तरी टिकंल का?" काळूराम घाबरला आणि बोलून गेला, "ती कुठं शिवतेय? ती टिचबटनं लावते फक्त. शिवतो मीच." दुसऱ्या दिवशी पडदा लागला. भित्रा माणूस खोटं एकदाच बोलतो आणि मग जन्मभर त्याच्यामागे फरफटत जातो, तसंच काळूरामचं झालं.

आता दमयंती काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. मोरा बंदरच्या कोळीवाड्यातली ती लेक, बाजारात आईच्या पाटीशेजारी बसून वाढलेली. गल्लीतल्या नळावर तिने ज्यांना ज्यांना ऐकवलं होतं, ते अजून तिच्या दुकानावरून मान खाली घालून जायचे. पण या एका बाबतीत ती गप्प राहिली. आधी नवी नवरी म्हणून, मग पोरींच्या शाळा होत्या म्हणून. आणि पुढे इतका उशीर झाला की आता सांगणं म्हणजे मागितल्यासारखं झालं असतं. मागणं तिच्या रक्तात नव्हतं. गिऱ्हाईक पडद्यापलीकडे "वा काळूशेठ!" म्हणायचं, तेव्हा ती मशीनखाली कापड नसतानाही पायटा जोरजोरात हाणायची. काळूरामला तो रिकामा खडखडाट बरोबर कळायचा.

शिवणं ती बापाकडून शिकली होती. दादू कोळी पावसाळ्याआधी अख्ख्या बंदरातल्या होड्या शाकारायचा, म्हणजे किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांवर जाड कापडाचं पांघरूण शिवून घालायचा. होडी किनाऱ्यावर ओढतात ती नाळ, म्हणजे पुढचं टोक, गावाकडे करून. सुकाणू राहतं समुद्राकडे. वारापाऊस समुद्राकडून येतो. म्हणून दादू कापडाच्या पट्ट्या एकमेकींवर चढवताना दर शिवणीपुढे दोन बोटं पदर मोकळा सोडायचा आणि त्या पदराचं तोंड नाळेकडे ठेवायचा. पाणी पदरावरून निघून जायचं, सुईच्या भोकांना त्याचा पत्ताच लागायचा नाही. "शिवनीनं वाऱ्याला पाठ द्यावी, तोंड देऊ नये," हे त्याचं वाक्य. दमयंतीच्या हातात ते लहानपणीच इतकं मुरलं होतं की त्यासाठी डोकं चालवायची गरजच उरली नव्हती. आणि घोटाळा नेमका तिथेच होता, पण ते पुढे येईलच.

एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी एक लाल मोटार येऊन उभी राहिली. दोन माणसांची, बसकी, लांब नाकाची, परदेशी आणि जुनी. वरचं कापडी छत जागोजागी चिकटपट्ट्या लावून कसंबसं तग धरून होतं. चालवत होत्या अरुंधतीताई. बँकेत आयुष्य काढून त्या नवीन पनवेलच्या एका सोसायटीत राहायला आल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली होती. सोसायटीने एकमुखाने निर्णय दिला होता, की बाईंना म्हातारचळ लागला. शेजारच्या सीटवर पुतण्या सत्यजीत होता, हिंजवडीला नोकरी करणारा, हुशार, आणि आपल्या हुशारीवर बेहद्द खूश.

"हिचं छत बनवणारी कंपनी आता हे बनवत नाही," अरुंधतीताई म्हणाल्या. "मुंबईतले म्हणतात, फायबरचं कायमचं छप्पर बसवून घ्या. मला ते नको आहे. मला उघडणारं आणि मिटणारंच हवंय. उघडायचं नसतं तर मी चारचौघींसारखी साधी गाडी नसती का घेतली?"

"आत्या, हे लोक रिक्षाची हूडं शिवतात," सत्यजीत इंग्रजीत म्हणाला. तेवढं इंग्रजी गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं असतं.

काळूरामने गाडीभोवती एक चक्कर मारली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "ताई, ह्ये आमच्याकडनं नाय व्हायचं."

पडद्याआडून आवाज आला, "घ्या."

"अगं, ही गाडी बगितलीस का तू?"

"पडद्याच्या भोकातून बगितली. घ्या म्हनते ना."

काम घेतलं गेलं. जुनं छत उतरवून दमयंतीने पडद्याआड जमिनीवर अंथरलं आणि बाजारात पापलेटाचे कल्ले उघडून बघावेत तसं ते बारकाईने बघितलं. ते दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी झिजलं होतं. छत मिटताना दोन कमानी कात्रीसारख्या एकमेकींवर यायच्या आणि मधल्या कापडाचा चिमटा बसायचा. मागची प्लॅस्टिकची काच दर वेळी दुमडून तडकली होती. दारांवर तर पाणी सरळ माणसाच्या खांद्यावर पडेल अशीच सोय होती. "बनवनारा कदी पावसात बसला नसंल ह्यात," ती नवऱ्याला म्हणाली. "आहे तसं कशाला शिवायचं? बरं शिवूया."

आणि तिने बरं शिवलं. आतल्या बाजूने तिने एक इलॅस्टिकची दोरी ओवली. छत मिटताना ती कापड आत खेचून घ्यायची आणि चिमटा बसायचाच नाही. काचेला तीन बाजूंनी चेन लावली. आधी काच सपाट आडवी पाडायची आणि मग छत मिटायचं. दारांवर शिवणीतच पन्हळ काढली. आणि एकसंध कापडाऐवजी तिने आडव्या पट्ट्या जोडल्या, कमानीगणिक एक, म्हणजे घडी दर वेळी ठरलेल्या जागीच पडावी. पट्टी आली तिथे शिवण आली. शिवण आली तिथे दादूचा मोकळा पदरही आला.

बसवण्याचं काम रस्त्यावरचं, म्हणजे गल्लीच्या रीतीप्रमाणे पुरुषाचं. काळूराम गाडीपाशी उभा राहून कापड ताणायचा, अडला की काहीतरी विसरल्यासारखं करत पडद्याशी यायचा, तोंड आत घालून विचारायचा आणि बाहेर येऊन स्वतःला सुचल्यासारखं करायचा. शेवटी गाडीवर नळी सोडली. चांगला वेळ पाणी मारलं, आत एक थेंब आला नाही. अरुंधतीताईंनी छत मिटलं, उघडलं, परत मिटलं. पोरीसारख्या हसल्या आणि म्हणाल्या, "काळूराम, तुमच्या हातात जादू आहे."

काळूरामने मान लववली. पडद्यामागे मशीन रिकामंच धावू लागलं. या वेळी ते बराच वेळ थांबलं नाही. रिक्षाच्या हुडांचं एक वेळ सोडा, पण हे काम तिचं तिला आवडलं होतं. यावर तरी आपलं नाव लागावं, असं तिला पहिल्यांदा वाटलं, आणि ते वाटणं जेवताना, झोपताना तिच्या मनातून हटेना.

पुढच्याच रविवारी गाडी परत आली. आली ती वरात घेऊनच. छताचं कापड मधोमध उभं फुगून फडफडत होतं, अरुंधतीताईंच्या ओढणीने ते कसंबसं बांधलेलं होतं आणि मागून गल्लीतली पोरं "विमान आलं, विमान आलं" ओरडत पळत होती. आत्या आणि पुतण्या पुण्याला निघाले होते. कोनच्या पुढे एक्स्प्रेसवेवर वेग घेतला तसा वारा एका शिवणीत घुसला आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत उसवत गेली. दुसरीही अर्धी गेली होती.

"मी सांगत होतो," सत्यजीत गाडीतून उतरता उतरता म्हणाला. आता तो मराठीत बोलत होता, सगळ्यांना कळावं म्हणून. "रिक्षाच्या हुडात आणि या गाडीच्या छतात फरक असतो. आत्या, फायबरचंच छप्पर बसवू. विषय संपव."

अरुंधतीताईंचे केस विस्कटले होते आणि चेहरा पडला होता. सोसायटीत आता लोक काय म्हणतील, ते त्यांच्या तोंडावर वाचता येत होतं.

काळूराम पुढे झाला. हात जोडले. "ताई, चुकी माजी हाय. शिवन मीच घातली. बाकी कुनाचा दोष नाय ह्यात. मी भरून देतो काय ते."

खरं म्हणजे त्याने मोठ्या मनाने केलं. बायकोवर बोलणी येऊ नयेत म्हणून स्वतःच्या अंगावर घेतलं. दुसरी एखादी असती तर पडद्याआड डोळे पुसत म्हणाली असती, काय देवमाणूस मिळालाय. पण ही दमयंती होती. तिच्या कानावर ते शब्द पडले आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. हातात कात्री होती ती तशीच घेऊन ती उठली आणि पडदा बाजूला करायचंही तिला सुचलं नाही. एका झटक्यात तिने तो दोरीसकट ओढून खाली पाडला.

"ती शिवन माजी हाय," ती म्हणाली.

काळूराम हळू आवाजात म्हणाला, "दमे, तू आत जा. मी बगतो ना."

"काय बगता? पंचवीस वर्सं बगितलंत. चांगलं झालं ते सगळं तुमचं झालं. मी बोलले का कदी? आता फाटलं, तर तेबी तुमीच घेताय? मंग माजं काय ऱ्हायलं ह्या दुकानात?" तिचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "फाटलं ते माजं हाय. ते नाय देनार मी कुनाला."

समोरचा पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून तसाच उभा राहिला. सत्यजीतला हा सगळा घरगुती मामला वाटला आणि तो मोबाइलमध्ये बघू लागला.

"म्हणजे हे सगळं तुम्ही शिवलंत?" अरुंधतीताईंनी विचारलं. "ती काचेची चेन, ती आतली दोरी?"

"सगळं. ह्यांनी कमानी सरळ केल्या, त्या बेस केल्या. कापडाला लागला तो हात माजा." ती गाडीपाशी गेली. "आता सरा, मना बगू द्या कसं फाटलं ते."

साडीचा पदर खोचून ती सीटवर गुडघा टेकून वर चढली. रस्त्यावर, भर दिवसा, सगळ्यांसमोर. उसवलेल्या शिवणीवरून तिने बोट फिरवलं. दोरा मजबूत होता, कापड मजबूत होतं. मग गेलं कुठे? शिवणीच्या मोकळ्या पदराची कडा मागे उलटून तिच्या पार चिंध्या झाल्या होत्या. ती कडा बोटात धरून तिने गाडीच्या लांब नाकाकडे बघितलं, मग मागे बघितलं, परत पुढे बघितलं. आणि एकदम स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला.

"अगं बाय माजे! मी होडी शिवली!"

कुणाला काही कळेना. मग तिने सांगितलं. नाळ गावाकडे, सुकाणू समुद्राकडे, वारा मागून. "लहानपनापासून पदराचं तोंड मी नाळेकडंच ठेवत आले. गाडीचं हे एवढं नाक बगून हात आपोआप तसाच गेला. पन होडी रेतीवर बसलेली असते वो, आनि ही धावते. हिला वारा म्होरून लागतो. मी सगळ्या शिवनींची तोंडं वाऱ्याला उघडी करून ठेवली." रिक्षाच्या हुडाला आडव्या पट्ट्या नसतात आणि रिक्षा काही वाऱ्याशी शर्यत लावत नाही, म्हणून इतक्या वर्षांत ही चूक तिच्या हातून व्हायची राहिली होती. झाली ती अशी झाली.

"सोल्यूशन लावून चिकटवूया का?" काळूरामने भीत भीत विचारलं.

"चिकटवायचं नाय. सगळं नव्यानं. तोंडं फिरवायची." मग ती अरुंधतीताईंकडे वळली. "ताई, मी उपकार मागत नाय. माजी चुकी हाय, कापड माजं. एकच सांगते. मी बसवनार, आनि मंग मीबी बसनार गाडीत. ज्या वेगात फाटलं त्याच वेगात न्या मना. परत फाटलं तर खुशाल फायबर लावा, मी तोंड नाय उघडनार."

"आत्या, प्लीज," सत्यजीत म्हणाला. "हा काय प्रयोग आहे का?"

अरुंधतीताईंनी पुतण्याकडे बघितलं. मग ओढणी सोडून घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली. "सत्यजीत, ही गाडी घेतली तेव्हाही तू प्लीजच म्हणाला होतास," त्या म्हणाल्या. "गाडी इथेच राहील. आपण रिक्षाने घरी जाऊ."

पडदा पुन्हा लागला नाही. मशीन दुकानाच्या तोंडाशी आलं, कारण उजेड तिथे बरा, असं दमयंतीने कुणी न विचारताच जाहीर केलं. येणारा-जाणारा बघायचा. रिक्षावाले मुद्दाम थांबायचे, कोपरखळ्या मारायचे. "काळूशेठ, रिटायर झालात काय?" काळूराम आधी दोन दिवस जमिनीकडे बघत पाइप घासत राहिला. तिसऱ्या दिवशी एकाने हसत विचारलं, "वहिनी शिवतायत होय?" तेव्हा तो मान वर न करताच म्हणाला, "पयल्यापासनं." तेवढंच. दमयंतीच्या पायाखाली मशीन क्षणभर अडखळलं आणि परत नीट चालू लागलं. एवढा एक शब्द उच्चारायला या माणसाला पंचवीस वर्षं लागली, याचा तिला राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. दोन्ही तिने सुईखाली दाबलं.

छत तिनेच बसवलं. भर उन्हात कापड आधी पसरून ठेवलं, ते सैल पडल्यावर पुढून मागे ताणत नेलं. काळूराम पलीकडच्या बाजूने ती सांगेल तसं धरत होता. मोकळा पदर या वेळी मागे तोंड करून होता आणि त्याच्या कडेलाही तिने एक बारीक शिवण घातली होती. चूक झाली ती झाली, पण तिच्यातून काही शिकायचं नाही असं थोडंच आहे?

फिरायला निघाल्या तेव्हा गंमत झाली. गाडी दोघांपुरतीच. चालवणार अरुंधतीताई, शेजारी दमयंती. सत्यजीत खास पुण्याहून आला होता आणि काळूरामने नवा शर्ट घातला होता. दोघंही गटारीच्या कडेला उभे राहिले. गेल्या रविवारी ज्यांनी एकमेकांकडे धड बघितलं नव्हतं, ते आता एकाच टपरीचा चहा पीत गाडी गेली त्या दिशेला बघत बसले.

कोनपाशी एक्स्प्रेसवे लागला. अरुंधतीताईंनी वेग वाढवला. कापड कमानींवर गुणगुणू लागलं. दमयंतीने दोन्ही तळहात वर नेऊन शिवणींना आतून टेकवले. आजारी पोराच्या कपाळाला लावावेत तसे.

"इथेच गेलं होतं," अरुंधतीताई म्हणाल्या.

"मंग इथंच दाबा."

त्यांनी पाय दाबला. वारा आला, छतावर चालून आला, पदरांवरून घसरत मागे निघून गेला. हाताखाली शिवण थरथरली, पण हलली नाही. कोन मागे पडलं. घाटाकडचे डोंगर पुढे येत राहिले. तरी दमयंतीने हात खाली घेतले नाहीत. अरुंधतीताई शेवटी म्हणाल्या, "अहो, सोडा आता ते. धरून ठेवायचं नाहीये, राहतंय ते." तेव्हा तिने हात मांडीवर घेतले. मग ती हसायला लागली, मोठमोठ्याने, मोऱ्याच्या बाजारात हसायची तशी. अरुंधतीताईही हसत सुटल्या. दोन पिकल्या केसांच्या बायका लाल गाडीत कशाला एवढ्या हसतायत, ते शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याला काही कळलं नाही.

परतताना गल्लीच्या अलीकडे दमयंतीने गाडी थांबवायला लावली. स्वतः उतरून काचेची चेन काढली, काच आडवी पाडली, छत मिटवलं आणि परत येऊन बसली. "आता न्या. उगडीच न्या." गाडी उघडीच गल्लीत शिरली. ती ताठ बसली होती, केस विस्कटलेले, कपाळावरची टिकली वाऱ्याने कुठल्या कुठे गेलेली. ज्याला बघायचं त्याने बघावं.

काळूराम चहाचा ग्लास ठेवून उठला. तो काही बोलणार, तेवढ्यात एक रिक्षा मध्येच येऊन घुसली आणि आतला माणूस तावातावाने ओरडला, "ओ काळूशेठ! काय हूड शिवलंय हे? डाव्या कोपऱ्यातनं सगळं पानी आत येतंय!"

गल्लीतल्या सगळ्यांचे कान टवकारले. काळूरामने एकदा रिक्षाकडे बघितलं, एकदा बायकोकडे. हात जोडायची त्याची जुनी सवय अर्ध्यावर आली होती, ती त्याने मागे घेतली. घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हाक मारली, "दमयंती! तुजं हूड गळतंय गं!"

"आले!" ती गाडीचं दार उघडता उघडता म्हणाली. तक्रार ऐकून इतकी खूश झालेली बाई त्या गल्लीने आजवर बघितली नव्हती. "सरा बाजूला. माजंच हाय ते, मना बगू द्या."